अनुभव धागा : टीव्हीपर्यंत न पोचलेला गेम

मंडळी, १९८९ साली सेगा कंपनीनं मेगा ड्राइव्ह या आपल्या कन्सोलसाठी (टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र) टेट्रिस, म्हणजे पडणारे ठोकळे रचायचा गेम, तयार केला आणि ऐन विक्रीच्या तोंडावर मागे घेतला. कन्सोलचे हक्क प्रतिस्पर्धी निन्टेंडोनं टेट्रिसच्या जन्मगावातून, थेट मॉस्कोतून मिळवले होते. सेगाला ज्यांनी हक्क दिले, त्यांच्याकडेच ते नव्हते. सातबारा न बघता शेत घेतल्यासारखं! तुमचाही असा हुकलेला, अडकलेला गेम असेल तर लिहा.
– सातारकर

मिरजवाला : हक्काबिक्काचं आम्हाला काय! उरुसात ठोकळ्यांचा गेम मिळायचा, वर '९९९९ इन १' लिहिलेलं. मोजायला बसलो तर खेळ मोजकेच, बाकी नुसता वेग बदललेला. पेन्सिल सेल संपले की भिंतीवरच्या घड्याळातला काढायचा. आबा दोनदा एसटी चुकले.

पोवई नाका : १९९४, डॉसचा (जुन्या कॉम्प्युटर प्रणालीचा) क्लास. सर टेट्रिस पुसायचे, दोस्त फ्लॉपीवरून परत टाकायचा. टेट्रिस बनवणाऱ्या पाजितनोव्हच्या मूळ मशीनवर, इलेक्ट्रॉनिका ६० या सोव्हिएत कॉम्प्युटरवर, चित्रच काढता येत नव्हतं, म्हणून ठोकळे कंसांचे केलेले, हे फार नंतर वाचलं.

विश्रामबाग : माझा तर हातातला गेला. २०२१, पुण्याची नोकरी सांगलीच्या घरातून. आमचा पाण्याचे नळ जोडायचा कोड्यांचा गेम कॉम्प्युटरवर बरा चालला, म्हणून कन्सोलवर न्यायचं ठरलं. मालकांना वाटायचं, एका डब्यातलं दुसऱ्या डब्यात ओतायचंय फक्त. माउसनं टिचकी मारली की व्हायचं, ते पॅडवर (कन्सोलच्या हातातल्या बटणांच्या यंत्रावर) कोड्यातलं एकेक घर सरकत करायचं; वीस सेकंदांचं कोडं दीड मिनिटावर गेलं. मग घरोघर उडी मारणारा कर्सर लिहिला. तेवढं जमलं. टीव्हीला जोडला, तर दिवाणावर बसलेल्या आईला सूचनाच वाचता येईनात. अक्षरं मोठी केली की कोडं पडद्याबाहेर. त्यात कन्सोलवाल्यांची तपासणी : खेळताना पॅड बंद पडला तर गेम थांबलाच पाहिजे. आमचा थांबायचा नाही, पाणी वाहतच राहायचं. (तेही कृष्णाकाठी बसून!) पाच महिन्यांत पैसे आटले आणि एका मीटिंगमध्ये विषय संपला. आई अजून विचारते, "त्या नळाचं काय झालं रे?"

मिरजवाला : मग आईंपुरती अक्षरं मोठी करून द्या की राव. त्याला कुणाचे हक्क लागतात?

विश्रामबाग : कंपनीचे लागतात, दादा.