बी-५२ चे थर टिकत नाहीत, मदत हवी आहे

निशाचर:
शनिवारी मित्रमंडळी येणार आहेत, बी-५२ शॉट ठरलेत, म्हणजे तीन गोड दारूंचे (लिकर) थर असलेले छोटे पेग. तळाला कॉफी लिकर, मध्ये आयरिश क्रीम, वर ऑरेंज लिकर. चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू ओततोय, तरी क्रीम कॉफीत उतरतं आणि सगळं गढूळ. वरचा थर मात्र छान बसतो. लवकर सांगा.

खडकवासला:
चमचा काचेला टेकवलाय का? धार चमच्यावर पडून काचेवरून उतरली पाहिजे. मी तर सॉसची बारीक तोंडाची बाटली वापरतो, चमचा लागतच नाही.

अन्नपूर्णा७१:
लिंबू पडलंय का कुठे? आंबटाने क्रीम फाटतं.

खडकवासला:
फाटलंय असं ते कुठे म्हणालेत? मिसळतंय.

मध्यरात्र:
आधी बाटल्या सांगा. नाव कळल्याशिवाय काय सांगणार?

निशाचर:
कॉफीचं कालुआ आणि ऑरेंजचं क्वांत्रो. क्रीम घरचंच: मिल्कमेडचा अख्खा डबा, २०० मिली फ्रेश क्रीम, २०० मिली व्हिस्की. त्याने काय फरक पडतो?

मध्यरात्र:
तिथेच सगळा फरक आहे. साखरेने द्रव जड होतो, अल्कोहोलने हलका. कालुआ खूप गोड म्हणून तळाला, क्वांत्रो ४० टक्के म्हणून वर. विकतचं बेलीज १७ टक्के, ते बरोबर मध्ये बसतं. तुमच्या क्रीममध्ये अख्खा डबा गेल्याने ते जवळजवळ कालुआइतकंच जड झालंय. मग हात कितीही हलका असो, मिसळणारच. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर प्रत्येकाचं १०० मिली मोजा. क्रीमचं वजन दोघांच्या मध्ये हवं. आणखी १०० मिली व्हिस्की घाला आणि पुन्हा मोजा. एकदम फार नको, नाहीतर क्वांत्रोच त्याच्या खाली जाईल.

रात्रपाळी:
एवढं काही नको. बाटल्या तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, थर आपोआप बसतात.

मध्यरात्र:
गार द्रव दाट होतो, सावकाश मिसळतो, एवढंच. वजनाचा क्रम तोच राहतो.

रात्रपाळी:
माझे तर नेहमी बसतात. आणि शेवटी वरचा थर पेटवा, खरी मजा त्यातच.

अन्नपूर्णा७१:
घरात, चार लोकांत, पेटवू नका हो. काच तडकते, प्लास्टिकची नळी वितळते, ओठ भाजतात.

कोकमवाला:
न पिणाऱ्यांसाठी: तळाला अमृत कोकम, त्यावर बर्फ, बर्फावरून सावकाश सोडा. सुंदर दिसतं.

हडपसर_२:
दारूचं परमिट काढलंय ना? एका दिवसाचंही मिळतं.

निशाचर:
मोजलं. कालुआ आणि क्रीममध्ये जेमतेम दोन-तीन ग्रॅमचा फरक होता. व्हिस्की वाढवली, आता तिन्ही थर स्वच्छ उभे आहेत. मध्यरात्र, मनापासून आभार. उरलेलं क्रीम फ्रिजमध्ये किती दिवस टिकेल?

रात्रपाळी:
माझ्याकडे कधी उरतच नाही.

अन्नपूर्णा७१:
फ्रेश क्रीम आहे त्यात, आठवड्याच्या आत संपवा. बाटली उकळत्या पाण्याने धुऊन कोरडी केली होती ना?