मदत हवी आहे: होम थिएटरसाठी एकच रिमोट, आईला जमेल असा (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

मी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सेकंड शिफ्टला असतो. संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला की उचलायच्या आधीच कळतं. "चित्र दिसतंय रे, पण आवाज नाही." नाहीतर उलटं, "आवाज येतोय, पडदा निळा झालाय." मग मी मशीनच्या खडखडाटात बोंबलून सांगतो, लांब काळा रिमोट घे, तो नाही, त्याच्यापेक्षा लांब. शेजारचा ऑपरेटर हसतो. त्यालाही आता आमच्या घरातले रिमोट पाठ झालेत.

सामान असं आहे. ४३ इंची सोनी ब्राव्हिया, यामाहाचा आरएक्स-व्ही३८५ रिसीव्हर (सगळ्यांचा आवाज स्पीकरला देणारा डबा) आणि त्यावर ५.१ स्पीकर, फायर टीव्ही स्टिक, डिशचा एचडी बॉक्स आणि एक जुना ब्लू-रे प्लेअर. म्हणजे पाच रिमोट, एसीचा धरला तर सहा. सगळ्या वायरी रिसीव्हरमध्ये जातात आणि तिथून एकच एचडीएमआय टीव्हीला. मला हे सोपं वाटतं, कारण जोडलं मीच. आई ७१ वर्षांची आहे. तिला फक्त डिशवरच्या दोन मालिका आणि सकाळी आरती लागते. त्यासाठी तिने टीव्ही चालू करायचा, रिसीव्हर चालू करायचा, त्याचा इनपुट बदलायचा, मग बॉक्स. तीन रिमोट!

तिने स्वतःची युक्ती काढली होती. महाद्वार रोडवरून टिकल्यांचं पाकीट आणलं आणि टीव्हीच्या पॉवरवर लाल, 'आवाजाच्या डब्या'वर हिरवी, बॉक्सवर मरून टिकली लावली. छान चाललं होतं. पण मरून आणि लाल यातला फरक संध्याकाळच्या उजेडात तिलाच दिसेना. एकदा तर लाल टिकली सुटून माझ्या शर्टाला चिकटली आणि मी ती मिरवत कंपनीत गेलो. ते जाऊ दे.

मागच्या महिन्यात बाजारातून २५० रुपयांचा लर्निंग रिमोट आणला. दोन रिमोट तोंडाला तोंड लावून एकेक बटण शिकवलं आणि एका बटणावर ओळीने तीन पॉवर बसवले. चार दिवस घरात माझा जयजयकार. पाचव्या दिवशी दुपारी लाइट गेली आणि आली. आल्यावर डिशचा बॉक्स आपोआप चालू झाला, टीव्ही आणि रिसीव्हर झोपलेलेच राहिले. आईने संध्याकाळी ते बटण दाबलं, तर ते दोघे उठले आणि बॉक्स झोपला. तिने परत दाबलं, बॉक्स उठला आणि ते दोघे झोपले. असं किती वेळ चाललं माहीत नाही. मी घरी आलो तेव्हा रिमोट फ्रीजवर होता आणि आई पोथी वाचत होती.

तर चांगला युनिव्हर्सल रिमोट कोणता घ्यावा? लॉजिटेकच्या हार्मनीचं नाव फार ऐकलंय. सोफाबॅटन, ब्रॉडलिंक वगैरेही दिसतात. बजेट ३ हजारांच्या आसपास. रिसीव्हर सुताराने केलेल्या शोकेसच्या सनमायकाच्या दाराआड आहे, आणि सध्या ते दार उघडं ठेवावं लागतं. बायकोला ते आवडत नाही, हीसुद्धा एक अटच समजा.

—

रंकाळ्याचा_वारा:
भावा, काकूंना २४ इंची वेगळा टीव्ही घे. विषय एंड.

धागाकर्ता:
सुचवून झालं. "मला काय अडगळीत टाकताय का?" असं उत्तर आलं.

—

जुना_हार्मनीवाला:
माझ्याकडे हार्मनी ६५० होता, सहा-सात वर्षं वापरला. त्यात 'टीव्ही चालू कर' असं बटण नसायचं, 'टीव्ही बघायचाय', 'सिनेमा बघायचाय' असं काम निवडायचं. कोणतं यंत्र चालू आहे, कोणतं बंद, हे तो स्वतः लक्षात ठेवायचा. हिशेब चुकला तर हेल्पचं बटण, की तो स्क्रीनवर विचारणार, टीव्ही चालू झाला का? हो की नाही दाबा. तुमच्या आईंना हे नक्की जमलं असतं.

पण आता घेऊ नका. लॉजिटेकने एप्रिल २०२१ मध्ये हार्मनी बनवणं बंद केलं. जुना सेकंडहँड मिळेल, पण त्याची सगळी मांडणी लॉजिटेकच्या सर्व्हरवर होते. तो सर्व्हर आहे तोवर ठीक. तीन हजार घालून अशा भरवशावर बसू नये. मी माझा अजून टाकलेला नाही, तो भाग वेगळा.

धागाकर्ता:
धन्यवाद. वाईट वाटलं, मनात तोच होता.

—

सोल्डर_आणि_चहा:
तुमचं लाइटचं प्रकरण वाचून हसू आलं, कारण दुकानात हे रोज ऐकतो. दोष रिमोटचा नाही. पॉवरचं बटण हे साधारणपणे टॉगल असतं, म्हणजे एकच कोड, चालू असेल तर बंद आणि बंद असेल तर चालू. तीन टॉगल एका बटणावर बांधले की तिन्ही यंत्रं कायम एकाच स्थितीत असली पाहिजेत, सगळी चालू नाहीतर सगळी बंद. एक जरी घसरलं तरी सगळं उलटं.

यावर उपाय म्हणजे वेगळे कोड. सोनीच्या टीव्हीला आणि यामाहाच्या रिसीव्हरला 'चालू हो' आणि 'बंद हो' असे दोन स्वतंत्र कोड कळतात, पण मूळ रिमोटवर त्यांची बटणंच नसतात. म्हणून लर्निंग रिमोटला ते शिकवता येत नाहीत, शिकवायचं कशावरून? ज्याच्यात कोडचा साठा आधीच भरलेला असतो किंवा कोड हाताने घालता येतो असा रिमोट लागतो. तुमच्या डिशच्या बॉक्सला मात्र असे वेगळे कोड नसणार असं धरून चाला. त्याला चोवीस तास चालूच राहू द्या, बटणातून वगळा.

शिकवताना काय करायचं तेही सांगतो, चुकतात लोक. दोन्ही रिमोट टेबलावर सपाट, मध्ये दोन-तीन सेंटिमीटर जागा. खिडकीचं ऊन आणि ट्यूबलाइट टाळा. बटण दाबून धरू नका, टिचकी मारल्यासारखं दाबा, नाहीतर रिपीटचा सिग्नलही त्यात शिकला जातो आणि पुढे एकदा दाबलं की आवाज पाच पायऱ्या चढतो. बऱ्याच रिमोटचा सिग्नल ३८ किलोहर्ट्झवर असतो, सोनीचा ४० वर. स्वस्तातले बरेच लर्निंग रिमोट सगळंच ३८ वर धरतात. जवळून चालतं, सोफ्यावरून कधी चालतं कधी नाही. रिमोट जिवंत आहे का बघायला मोबाइलचा सेल्फी कॅमेरा उघडा, रिमोटचं तोंड त्याकडे करा आणि बटण दाबा. जांभळट ठिपका लुकलुकला तर सिग्नल येतोय. मागचा कॅमेरा बहुतेक वेळा दाखवत नाही, त्यात इन्फ्रारेड (रिमोटचा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) अडवणारी काच असते.

फायर स्टिकचा रिमोट स्टिकशी ब्लूटूथने बोलतो, त्यामुळे इन्फ्रारेडवाला कोणताही रिमोट तिला चालवणार नाही. सोफाबॅटनच्या यू१ मध्ये ब्लूटूथ आहे. ब्रॉडलिंकचा आरएम४ मिनी फक्त इन्फ्रारेड, आणि तो मोबाइलवरून किंवा अलेक्साला सांगून चालवायचा. काकू मोबाइल शोधतील की मालिका बघतील?

एसी यात घुसडू नका. एसीचा रिमोट दर वेळी सगळी स्थिती एकदम पाठवतो, तापमान, मोड, पंखा, सगळं. '२४ वर कर' शिकवलंत तर तेवढंच शिकतो, 'एक अंश कमी' असं काही नसतंच.

आणि ते सनमायकाचं दार. लाकडातून इन्फ्रारेड जात नाही, त्याला सिग्नल आत पोचवणारा रिपीटर मिळतो, डोळा बाहेर आणि दिवा आत. पण त्याआधी सांगा, दार लावल्यावर रिसीव्हरला हवा कुठून? शोकेसची पाठ उघडी नसेल तर मागे मोठं भोक पाडून घ्या. रिमोटपेक्षा हे आधी.

धागाकर्ता:
पाठ बंद आहे. हात लावून बघितला, वरून चांगलाच तापलेला असतो. सुताराला बोलावतो.

—

चटणी_नको_कांदा_द्या:
मी उलटं बोलते, राग नसावा. तुम्हाला नवीन रिमोट कशाला हवाय? तुमच्या वर्णनावरून रिसीव्हर आणि टीव्ही एकमेकांशी बोलतच नाहीत. सीईसी चालू केलंय का?

एचडीएमआयच्या केबलमध्ये १३ नंबरची पिन फक्त याच कामासाठी असते. एका यंत्राने दुसऱ्याला उठवायचं, झोपवायचं, आवाज वाढवायला सांगायचं. प्रत्येक कंपनीने त्याचं वेगळं बारसं केलंय. सोनी त्याला ब्राव्हिया सिंक म्हणते, सॅमसंग एनीनेट प्लस, एलजी सिम्पलिंक. यामाहाच्या मेनूत ते एचडीएमआय कंट्रोल म्हणून सापडेल. दोन्हीकडे चालू करा आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये स्पीकरच्या जागी ऑडिओ सिस्टिम निवडा. मग टीव्ही चालू झाला की रिसीव्हर पाठोपाठ उठतो, बंद झाला की झोपतो. आणि टीव्हीच्या रिमोटने आवाज वाढवला तरी वाढतो रिसीव्हरचाच.

आता वायरी बदला. डिशचा बॉक्स रिसीव्हरमधून काढून सरळ टीव्हीला लावा. रिसीव्हरची एचडीएमआय टीव्हीच्या ज्या सॉकेटवर एआरसी लिहिलंय त्यातच हवी, दुसऱ्यात चालत नाही. एआरसी म्हणजे त्याच केबलमधून आवाज टीव्हीकडून परत रिसीव्हरकडे येतो, २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून ही सोय आहे. काकूंच्या रस्त्यातून रिसीव्हरचा इनपुट बदलणं गेलं.

शेवटची गोष्ट. डिशच्या बऱ्याच रिमोटला टीव्हीची पॉवर आणि आवाजाची बटणं शिकवता येतात, बॉक्सबरोबरच्या पुस्तिकेत बघा. ते जमलं तर काकूंच्या हातात रिमोट एकच, आणि तोही ओळखीचा. खर्च शून्य.

जुना_हार्मनीवाला:
सीईसी म्हणजे भुताटकी आहे हो. माझ्याकडे रात्री अकराला ब्लू-रे स्वतःहून टीव्ही चालू करायचा.

चटणी_नको_कांदा_द्या:
मग त्या ब्लू-रेचं सीईसी त्याच्या मेनूतून बंद करायचं. सगळ्यांना बोलायला लावलं तर गोंधळ होणारच. टीव्ही, रिसीव्हर आणि स्टिक एवढ्यांचंच चालू ठेवा.

सोल्डर_आणि_चहा:
ताईंशी सहमत. माझा एक रिपीटर विकला गेला असता, पण असो. स्टिकला टीव्हीच्या यूएसबीवरून करंट देऊ नका, तिचा ॲडाप्टर भिंतीत लावा. नाहीतर टीव्ही बंद झाला की स्टिकही बंद पडते आणि दर वेळी पहिल्यापासून सुरू होते.

—

धागाकर्ता (रविवारी रात्री):
आज सकाळपासून लागलो. आधी पंचाईत अशी की शोकेसमागे हात जाईना. शेवटी मुलाला आत घातलं आणि मी टॉर्च धरला. माझी केबल टीव्हीच्या भलत्याच सॉकेटमध्ये होती, म्हणजे दोन वर्षं एआरसी असून वापरात नव्हतं. वायर बदलली, दोन्हीकडे कंट्रोल चालू केलं, तरी रिसीव्हर उठेना. मग सगळ्यांचे प्लग काढले, चहा घेतला, आधी रिसीव्हर आणि मग टीव्ही लावला. उठला!

डिशच्या रिमोटला टीव्हीची पॉवर आणि आवाज शिकवायला पुस्तिका सापडेना, कस्टमर केअरला वीस मिनिटं संगीत ऐकलं आणि शेवटी इंटरनेटवर पद्धत मिळाली. तिसऱ्या प्रयत्नात जमलं. बॉक्स आता कायम चालू. मधे मेन स्विच पाडून पुन्हा चालू करून बघितला, मुद्दाम. बॉक्स आपोआप आला, आईने एक बटण दाबलं, टीव्ही उठला, तीन-चार सेकंदांनी रिसीव्हरचा टक असा आवाज आला आणि मागून तबला.

एक अडचण उरली आहे. रात्री आम्ही स्टिकवर काही बघितलं आणि तसाच टीव्ही बंद केला, की सकाळी टीव्ही स्टिकवरच उघडतो. आईला डिशवर यायला इनपुट बदलावा लागतो. डिशच्या रिमोटवर एव्हीचं बटण आहे, त्याने टीव्हीच्या इनपुटची यादी येते, दोनदा दाबलं की डिश. तिला दाखवलंय. यापेक्षा सोपं काही आहे का?

चटणी_नको_कांदा_द्या:
आहे की. झोपायच्या आधी तुम्ही डिशवर आणून बंद करायचं.

धागाकर्ता:
बायकोही हेच म्हणाली. बरं, एव्हीच्या बटणावर टिकली लावून झाली आहे. या वेळी पिवळी, आईने स्वतः निवडली. मरून पाकिटातून काढून टाकल्यात.

रंकाळ्याचा_वारा:
उरलेले चार रिमोट कुठं ठेवलास भावा?

धागाकर्ता:
सनमायकाच्या दाराआड. सुतार बुधवारी येतोय.