दुसरी गाडी फक्त दोन महिने वापरायची आहे, विमा कसा घ्यावा?

प्रश्न: दुसरी गाडी दोन महिने चालवून विकायची आहे. त्यासाठी वर्षभराचा हप्ता भरावाच लागेल का?

उत्तर १: आधी पहिल्या गाडीच्या विमा कंपनीला विचारा, त्याच पॉलिसीत दुसरी गाडी तात्पुरती जोडता येते का. येत असेल तर बरेचदा तेच स्वस्त पडतं. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मात्र दोन्ही गाड्यांना मिळेल असं गृहीत धरू नका.

उत्तर २: अल्पमुदतीची पॉलिसी दिवसाच्या हिशेबाने सहसा महाग पडते. म्हणून वार्षिक पॉलिसी मध्येच रद्द केली तर किती पैसे परत मिळतील, हे लेखी मागा. उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात परतावा असेल तर उत्तम. शॉर्ट पीरियड दर (वापरलेल्या दिवसांसाठी प्रमाणापेक्षा जास्त आकारणी) लावणार असतील तर बराच भाग कापला जातो. मध्ये क्लेम केला, तर परतावा सहसा मिळत नाही.

उत्तर ३: गाडी चालवणार कोण? कंपनी चालकाचं नाव विचारत असेल, तर नवशिक्याचं नाव घातल्यावर हप्ता चढू शकतो, लपवलं तर क्लेम अडू शकतो. क्लेममध्ये स्वतः सोसायची रक्कम वाढवली की हप्ता उतरतो. पण जुन्या गाडीत ती रक्कम गाडीच्या किमतीच्या जवळ गेली, तर स्वतःच्या नुकसानीचं कव्हर घेण्यात अर्थ नाही, थर्ड पार्टी (इतरांच्या नुकसानीचं कव्हर) पुरे. आणि पॉलिसी सुरू होण्याची नुसती तारीख नव्हे, वेळही बघा.