सोनाटा 2.0 (4जी63 इंजिन): बॅलन्स शाफ्ट काढून टाकावेत का?

घाटवळण
गाडी 2003 ची ह्युंदाई सोनाटा, 2.0 पेट्रोल. टायमिंग बेल्टची वेळ झाली आहे, शिवाय पुढच्या बाजूला कुठल्यातरी सीलमधून तेल पाझरून बेल्टच्या कव्हरात जमतंय. गॅरेजवाला म्हणतो, बॅलन्स शाफ्टसाठीचा (इंजिनाचे धक्के शमवणाऱ्या वजनदार दांड्यांचा) आतला लहान बेल्ट काढून टाकू, तो तुटला तर मोठ्या टायमिंग बेल्टलाही घेऊन जातो. बॅलन्स शाफ्ट नसले तरी इंजिन चालतं, असंही तो म्हणतो. मागच्या वेळी बेल्ट आधीच्या मालकाने बदलला होता. सध्या आयडलला थोडी थरथर आहे आणि 3,000 आरपीएमच्या आसपास स्टिअरिंगला बारीक झिणझिण्या येतात. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला सारखं आहे. काढू की ठेवू?

दहाचा_पाना
भीती खरी आहे, उपाय अर्धवट आहे. लहान बेल्ट (बेल्ट बी) तुटला की त्याचे तुकडे मोठ्या बेल्टखाली जातात, टायमिंग सुटतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात. पण नुसता बेल्ट काढला तर दोनपैकी एकच शाफ्ट थांबतो. दुसरा ऑइल पंपाच्या गिअरवर चालतो, तो फिरतच राहणार.

हे शाफ्ट क्रँकच्या दुप्पट वेगाने, एकमेकांच्या उलट फिरतात. चार सिलिंडरात दोन पिस्टन वर, दोन खाली, तरी हिशोब पुरा जुळत नाही, कारण कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्याने पिस्टन वरच्या अर्ध्या टप्प्यात जास्त वेगाने पळतो. म्हणून प्रत्येक फेरीत दोनदा उभा धक्का उरतो. या इंजिनाचा स्ट्रोक 88 मिमी, रॉड 150 मिमी. पिस्टन, पिन आणि रॉडचं वरचं टोक मिळून सिलिंडरमागे 600 ग्रॅम धरले, तर 3,000 ला हा धक्का सुमारे 310 किलो भरतो. 6,000 ला त्याच्या चौपट. दोन्ही शाफ्ट मिळून तो खातात, आणि त्यांचे आडवे धक्के एकमेकांत विरतात. एकच फिरता ठेवला तर उभा धक्का निम्मा उरतो आणि तेवढाच आडवा नव्याने सुरू होतो. दोन्ही ठेवा, नाहीतर दोन्ही काढा.

आयडलला याच हिशोबाने जेमतेम 20-25 किलो निघतात. तिथल्या थरथरीचा दोष शाफ्टवर टाकू नका. माउंटिंग, प्लग, थ्रॉटल बॉडी बघा. 3,000 च्या झिणझिण्या मात्र संशयास्पद आहेत. मागच्या वेळी पंपाकडचा शाफ्ट अर्धी फेरी चुकून बसला असण्याची दाट शक्यता वाटते.

घाटवळण
अर्धी फेरी चुकला असेल तर बेल्ट बसवतानाच्या खुणा जुळणार नाहीत ना?

दहाचा_पाना
जुळतात, तीच तर गोम आहे! पंपाच्या स्प्रॉकेटची (बेल्ट बसतो त्या दातेरी चक्राची) खूण बरोबर जागी असूनही आतला शाफ्ट उलटा असू शकतो. ब्लॉकच्या बाजूला एक प्लग आहे, तो काढा. स्प्रॉकेटची खूण जुळवून त्या भोकातून 8 मिमी जाडीचा स्क्रूड्रायव्हर आत घाला. 60 मिमी किंवा जास्त गेला तर शाफ्ट बरोबर. 20-25 मिमीवरच अडला तर तो शाफ्टवरच्या वजनाला टेकलाय. स्प्रॉकेट एक पूर्ण फेरी फिरवून खूण पुन्हा जुळवा आणि परत घालून बघा. मोठा बेल्ट पूर्ण चढेपर्यंत स्क्रूड्रायव्हर बाहेर काढायचा नाही. घाईच्या गॅरेजात नेमकी हीच पायरी गाळली जाते.

बोअर_होनिंग
शाफ्ट ठेवण्याचा सल्ला रोजच्या गाडीला ठीक. पण इंजिन ओव्हरहॉलला उतरलं असेल आणि शाफ्टचे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या बेअरिंगच्या कड्या) खाल्लेले असतील, तर दोन्ही काढणं हा वेडेपणा नाही. मात्र ते ब्लॉक मोकळा असताना करायचं काम आहे, बेल्ट बदलता बदलता उरकायचं नव्हे.

पंपाच्या गिअरला टेकू लागतो, म्हणून तिथे लांब शाफ्टऐवजी आखूड स्टब शाफ्ट बसतो. ब्लॉकमधले बुश ठोकून काढायचे आणि ज्याला तेलाचं भोक आहे तो फिरवून, ब्लॉकचं भोक बंद होईल असा परत बसवायचा. हे राहिलं तर तेल तिथून सरळ खालच्या तेलाच्या चेंबरमध्ये (सम्पमध्ये) परततं आणि मेन बेअरिंगचं प्रेशर पडतं. फ्रंट केसमध्ये बेल्टकडच्या शाफ्टचं तोंड कोअर प्लगने बंद करायचं. क्रँकवरचा लहान बेल्टचा स्प्रॉकेट काढू नका, तो स्पेसरचंही काम करतो.

यानंतर उलटा त्रास होतो. बुशकडे जाणारं तेल वाचल्याने थंड इंजिनात प्रेशर फार चढतं, फिल्टरच्या गॅस्केटवर ताण येतो. फिल्टर हाउसिंगमधल्या रिलीफची (जादा प्रेशर सोडणारी) वाट मोकळी करावी लागते. एवढं करून पॉवरचा फायदा नगण्य. आणि 2.4 लिटरच्या भावंडाला (4जी64, स्ट्रोक 100 मिमी) हात लावू नका. तेवढ्याच वजनाला तिथे धक्का सुमारे 30 टक्के जास्त आहे.

घाटवळण
जुनाच शाफ्ट लेथवर कापून स्टब केला तर?

बोअर_होनिंग
चालतो, पण कापलेल्या टोकाला तेलाचं भोक उघडं पडलं तर आटे पाडून घट्ट बंद करा. नाहीतर प्रेशर तिथूनच जाईल. तुमच्या गाडीला मात्र याची गरज दिसत नाही. कॉम्प्रेशन सारखं आहे, बुश खराब असल्याचं एकही लक्षण तुम्ही सांगितलेलं नाही.

दहाचा_पाना
मग यादी अशी: मोठा बेल्ट, लहान बेल्ट, दोन्ही टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप आणि सील. सीलमध्ये क्रँक, कॅम, ऑइल पंप आणि बॅलन्स शाफ्ट, सगळी. एक जुनं सोडलं तर नवा बेल्ट पुन्हा तेलात भिजेल, आणि तेलात भिजलेला लहान बेल्ट मुदतीआधीच तुटतो.

लहान बेल्ट चढवताना क्रँक आणि शाफ्ट दोन्हींच्या खुणा फ्रंट केसवरच्या खुणांशी जुळवा. टेन्शनर बोटाने दाबून बोल्ट कसा. कसताना टेन्शनरचा शाफ्ट सोबत फिरला तर बेल्ट जास्त ताणला जातो, मग तो शीळ घालतो आणि बुश खातो. मधोमध बोटाने दाबल्यावर 5 ते 7 मिमी खाली जायला हवा.

जुना बेल्ट काढण्याआधी स्क्रूड्रायव्हरची तपासणी करून घ्या. 25 वरच अडला तर झिणझिण्यांचं कारण तिथेच सापडलं. 60 गेला तर लहान बेल्टच्या खुणा तपासा, आणि त्याही जुळल्या तर मग माउंटिंगकडे वळा.