केसची माहिती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकावी का?

पारिजात:
बालसंरक्षणाचं काम करणाऱ्या अनेक संस्थांत हल्ली 'केस ग्रुप' असतो, म्हणजे मुलांच्या प्रकरणांवर बोलायचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. मुलाचा फोटो, आधार कार्ड, शाळेचा दाखला, कधी वैद्यकीय तपासणीचा कागदसुद्धा तिथे पडतो. माझ्या मते हे पूर्ण बंद व्हायला हवं. ग्रुपमधल्या पंधरा जणांपैकी त्या मुलाशी संबंध असतो दोघा-तिघांचा. बाकीच्यांच्या फोनमध्ये फोटो आपोआप गॅलरीत उतरतो, तिथून गूगल फोटोजच्या खासगी खात्यात जाऊ शकतो. कार्यकर्ता नोकरी सोडतो, त्याला ग्रुपमधून काढतात, पण जुने मेसेज त्याच्याकडे तसेच राहतात. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

जळगावकर:
ताई, कलम 74 चा रोख वृत्तपत्रं, दृकश्राव्य माध्यमं आणि 'संवादाच्या इतर माध्यमांतून' प्रसिद्ध होणाऱ्या वृत्तांतावर आहे. कामातल्या माणसांनी आपसात माहिती देणं त्यात बसतं का, यावर वाद होऊ शकतो. प्रत्यक्ष कामाकडे बघा. रात्री अकराला बस स्थानकावर मूल सापडलं, तर प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत त्याला बालकल्याण समितीपुढे (अशा मुलांच्या देखभालीचा निर्णय घेणाऱ्या समितीपुढे) हजर करायचं असतं. तालुक्याला स्कॅनर नाही, ईमेल सकाळपर्यंत कुणी उघडत नाही. बालगृहात जागा आहे का, हे ग्रुपवर चटकन कळतं. बंदी घातलीत तर लोक हेच काम खासगी चॅटवर करतील आणि त्यावर कुणाचीच नजर राहणार नाही. शिवाय मेसेज एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे वाटेत तिसऱ्याला वाचता येत नाहीत. साध्या ईमेलपेक्षा हे बरं.

सह्यकडा:
एन्क्रिप्शन वाटेतल्या मेसेजचं रक्षण करतं. आपल्याकडे माहिती फुटते ती वाटेत नाही, फोनवर फुटते: घरातलं पोर गेम खेळायला फोन घेतं, लॉक स्क्रीनवर मेसेजची पहिली ओळ दिसते. ग्रुप ठेवायचाच असेल तर किमान एवढं करा. मीडिया व्हिजिबिलिटी (आलेले फोटो गॅलरीत दिसण्याची सोय) आणि ऑटो-डाउनलोड बंद. नोटिफिकेशनमधला मजकूर लपवलेला. चॅट लॉक चालू. बॅकअप घ्यायचा तर एन्क्रिप्टेड, नाहीतर नकोच. आणि ग्रुपवर फक्त इतकंच: 'केस 14, मुलगी, 12 ते 14 वर्षं, आज रात्री निवारा हवा, फोन करा.' कागदपत्रं फोनवर ठरलेल्या एकाच माणसाकडे.

नाव गाळलं म्हणजे ओळख झाकली, हा समज मात्र सोडा. चारशे उंबऱ्यांच्या गावात 'आठवीतली मुलगी, बाप ऊसतोडीला' एवढं लिहिलं की सगळ्यांना कळतं. गाव, शाळा, जात, आईबापाचा धंदा यांतल्या दोन गोष्टी एकत्र आल्या तरी पुरे.

जळगावकर:
हे मान्य. सात दिवसांनी मेसेज आपोआप पुसले जातील अशी सोय चालू केली की प्रश्न मिटेल.

पारिजात:
उलट वाढेल. मूल मामाच्या ताब्यात द्यायचं कुणी ठरवलं, किती वाजता, कुणाच्या सांगण्यावरून, हे ग्रुपवरच ठरलेलं असतं. उद्या काही बरंवाईट झालं तर उत्तरदायी कोण? नोंद त्याच दिवशी केस फाइलमध्ये सही-तारखेसह उतरवली तरच मेसेज पुसू द्या. आणि गॅलरीत गेलेला फोटो त्या सोयीनं पुसला जातच नाही.

निवारा:
कौटुंबिक हिंसाचाराच्या केसमध्ये धोका ग्रुपपेक्षा पीडितेच्या स्वतःच्या फोनमुळे जास्त असतो. केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅपवर संस्थेचा लोगो असतो, ट्रूकॉलरवर 'समुपदेशन केंद्र' असं नाव येतं. नवऱ्यानं पाहिलं की त्याच रात्री मारहाण. पहिल्याच भेटीत विचारून लिहून ठेवा: फोन कुणाच्या हातात असतो, कधी करायचा, दुसऱ्यानं उचलला तर काय बोलायचं. आमच्या क्षेत्रात 'बचत गटातून बोलतेय' असं सांगायची पद्धत आहे. ती मला योग्य वाटते.

सह्यकडा:
मला नाही वाटत. नवरा गटाच्या अध्यक्षाबाईंना विचारतो आणि खोटं उघडं पडतं. त्याचा मार तिलाच बसतो, आणि गावातल्या खऱ्या गटावर संशय येतो तो वेगळाच. 'राँग नंबर' म्हणून ठेवून द्या, तिनेच सोयीच्या वेळी फोन करावा असं आधी ठरवा.

निवारा:
तिच्याकडे बॅलन्स नसतो, सोयीची वेळ आठवड्यातून एकदा बाजाराच्या दिवशी. तुमच्या पद्धतीनं संरक्षण आदेशाच्या (छळ थांबवण्यासाठी कोर्ट देतं त्या आदेशाच्या) सुनावणीची तारीख तिला कळणारच नाही. बचत गटाचं नाव वापरायचं की नाही, हे तिलाच ठरवू द्या. गटात तिचं खरंच नाव असेल तरच वापरा.

सह्यकडा:
तारखेपुरतं आशाताईंकडून तोंडी निरोप पाठवा. तोही तिची आधी संमती घेऊन, आणि कारण न सांगता.