'कोर्ट'च्या शेवटी काळोखानंतर सहल कशासाठी?

मागच्या_रांगेतला:
नमस्कार. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) परवा दुसऱ्यांदा पाहिला, तरी शेवटाबद्दलची शंका फिटली नाही. सुट्टीआधीचे कामकाज संपते, माणसे बाहेर पडतात, दिवे मालवले जातात आणि पडदा काळा होतो. पहिल्या वेळी मी इथेच खुर्चीतून उठलो होतो. पण नंतर न्यायाधीश सदावर्ते यांची सहल सुरू होते. बागेतल्या बाकावर ते डुलकी काढतात, मुले ओरडून त्यांना दचकवतात, ते एका मुलाला थप्पड मारतात आणि पुन्हा डोळे मिटून घेतात. गाण्यातून एका सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याच्या आरोपाखाली शाहीर नारायण कांबळे कोठडीत असताना ही सहल दाखवण्याचे प्रयोजन काय? आणि एवढ्या गंभीर विषयात कॅमेरा जागचा हलत का नाही?

कात्री_आणि_डिंक:
आपण खुर्चीतून उठलात, ते बहुधा दिग्दर्शकाला हवेच होते. काळोखावर चित्रपट थांबला असता, तर 'व्यवस्था अंधारात आहे' असे सोपे रूपक हातात घेऊन आपण घरी गेलो असतो. सहल जोडल्यामुळे तो काळोख रूपक राहत नाही. तो केवळ बंद झालेल्या कचेरीचा काळोख ठरतो, आणि कचेरी बंद झाल्यावर माणसे जे करतात तेच पुढे दिसते. सहलीत सदावर्ते एका मुलाच्या अडचणीवर अंकशास्त्र आणि खड्याची अंगठी सुचवतात. हे दृश्य सुटे पाहिले तर निव्वळ विनोदी आहे. परंतु याच माणसाला आपण कायद्याचा शब्द न् शब्द काटेकोरपणे लावताना पाहिलेले असल्यामुळे ते अस्वस्थ करते. सोव्हिएत दिग्दर्शक लेव कुलेशोव यांनी गेल्या शतकाच्या प्रारंभी दाखवून दिले, ते हेच: नटाचा एकच निर्विकार चेहरा वाडग्यातल्या सूपाशेजारी ठेवला की भुकेला वाटतो आणि शवपेटीशेजारी ठेवला की शोकमग्न. अर्थ दोन तुकड्यांच्या सांध्यात तयार होतो.

कॅमेऱ्याविषयी माझे मत असे की तो हलत नाही, म्हणूनच आपली नजर हलते. मृत सफाई कामगाराच्या पत्नीची साक्ष आठवा. गटारात उतरण्यापूर्वी तो आत खडा टाकत असे आणि झुरळ बाहेर आले तर प्राणवायू आहे असे समजत असे, हे ती सरळ, कोरड्या आवाजात सांगते. सरधोपट चित्रपटात इथे व्हायोलिन वाजले असते आणि कुणाचे तरी डोळे पाणावलेले दाखवले असते. इथे पार्श्वसंगीत नाही आणि कळवळलेला चेहराही नाही, त्यामुळे त्या माहितीचे काय करायचे हे आपल्यालाच ठरवावे लागते.

तिसरी_घंटा:
विवेचन पटले, मात्र स्थिर आणि दूरच्या शॉटला हल्ली सरसकट प्रामाणिकपणाचे प्रमाणपत्र मिळते, ते मला मान्य नाही. दुरून पाहण्यात प्रेक्षकाची सोयही असते, कारण बाकावर बसलेल्या माणसाला कुणी जाब विचारत नाही. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'च्या (२०१३) शेवटी जब्या या दलित मुलाने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. तोवर गावातल्या बघ्यांबरोबर आपणही जब्याच्या कुटुंबाची डुक्कर पकडण्यासाठीची धावपळ पाहत असतो, क्वचित हसतही असतो. त्या एका शॉटने आपली जागा बघ्यांच्या घोळक्यात पक्की होते. 'कोर्ट' मला विचारात पाडतो, पण असा माझ्यावर उलटत नाही.

कात्री_आणि_डिंक:
दगडाबद्दल वाद नाही. तरीही तो शॉट एकट्याच्या बळावर उभा नाही. त्याआधी मेलेले डुक्कर काठीला टांगून ते कुटुंब शाळेच्या भिंतीसमोरून जाते. भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रे आहेत आणि पात्रांपैकी कुणीही त्यांच्याकडे बोट दाखवत नाही. तिथे 'फँड्री'सुद्धा 'कोर्ट'सारखाच गप्प राहून पाहतो.

मागच्या_रांगेतला:
आभारी आहे. थप्पड खाणाऱ्या मुलाकडे मी एक दचकवणारा प्रसंग एवढ्याच दृष्टीने पाहिले होते. चौकशी नाही, बाजू ऐकणे नाही, लगेच शिक्षा आणि लगेच झोप, हे आता लिहिताना ध्यानात येते आहे. सुट्टीतही सुनावणी झालीच म्हणायची.