मदत हवी आहे: प्रीमियर पद्मिनी घाटात तापते, इंजिन ब्लॉकमधला गाळ कसा काढायचा?

गाडी १९७८ ची पद्मिनी, १०८९ सीसी, मूळ इंजिन. सपाट रस्त्यावर तापमानाचा काटा मध्यावर असतो. खंबाटकी घाटात दुसऱ्या गिअरवर दहा मिनिटांत लालवर जातो.

रेडिएटर रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून आणला, थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि कॅप नवीन आहेत. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबला तर साधारण १२ मिमी दबतो. टायमिंग तपासलंय. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं आहे, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे नाहीत, ऑइल दुधाळ नाही. म्हणून हेड गॅस्केटवर (ब्लॉक आणि हेडमधल्या सीलवर) माझा संशय नाही.

खरा धागा इथे मिळाला: ब्लॉकचा ड्रेन कॉक (पाणी सोडायची तोटी) पूर्ण उघडला तरी पाण्याचा थेंब आला नाही. तार घालून ढोसल्यावर आधी विटकरी चिखल, मग पापुद्र्यासारखे गंजाचे तुकडे पडले. तापमानाच्या गनने पाहिलं तर चार नंबर सिलिंडरपाशी ब्लॉक एक नंबरपेक्षा १५ अंशांनी जास्त गरम आहे. म्हणजे गाळ मागच्या बाजूला साचलाय. आधी बरीच वर्षं कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरलं जायचं, त्याचाच हा परिणाम.

गॅरेजवाले ॲसिड टाकून फिरवा म्हणतात. पण ब्लॉक बिडाचा असला तरी हेड ॲल्युमिनियमचं आहे, आणि सुटलेला गाळ नव्याने साफ केलेल्या रेडिएटरमध्येच जाऊन बसेल. इलेक्ट्रिक फॅन लावायचा नाही.

हेड न उतरवता, रेडिएटर वेगळा काढून, नुसते कोअर प्लग (ब्लॉकच्या बाजूची पत्र्याची बुचं) उघडून मागचा गाळ निघतो का? सायट्रिक ॲसिड वापरलं असेल तर लिटरला किती ग्रॅम आणि किती वेळ ठेवलंत?